अर्ध्या तासाची खेप

दोनला खरं, तीनला खरं, पाचला खरं. एवढ्यावर तुम्ही 'नेहमीच खरं' म्हणून मोकळे व्हाल? ठिणगी मोकळी झाली होती.

ठिणगी म्हणजे चादरी धुण्याच्या कारखान्यातली इस्त्रीवाली. जिभेला धार, म्हणूनच बायकांनी तिला पुढारी केलेलं. तिथे जादा थांबलं की तेवढीच सुट्टी साठायची, तासाला तास. त्या साठ्यातून तिला आईच्या ऑपरेशनचा अख्खा दिवस काढायचा होता.

अशात तिचा धाकटा भाऊ नवा नियम घेऊन आला. तिनेच इस्त्री रेटून शिकवलेला, आता वरच्या ऑफिसात साहेबाशेजारी बसणारा.

"ताई, रोजचे जादा तास त्याच आकड्याने गुणायचे. तेवढी सुट्टी. जुन्यापेक्षा कमी कधीच नाही. टाक कुठलाही आकडा!"

तिने दोन टाकला, चार आले. तीनचे नऊ. पाचचे तर पंचवीस!

"आणि एकाला?"

"एकच. तोटा कुठाय?"

"साहेबाला वेड लागलंय का गं?" घड्या घालणारी मावशी पुटपुटली.

"माझा भाऊ आहे तो, मावशी!" ठिणगी कडाडली, आणि सगळ्यांचे हात वर झाले.

दुसऱ्या दिवसापासून साहेब प्रत्येकीला रोज एकच खेप जादा थांबवू लागला. खेप म्हणजे यंत्रात एकदा भरलेल्या चादरी. त्या निघायला अर्धा तास. पण तिथे अर्धा तास म्हणतंय कोण? सगळ्यांच्या तोंडी खेपच. त्यामुळे आकडे टाकताना अर्धा कुणाला सुचलाच नव्हता. अर्ध्याला अर्ध्याने गुणलं की पाव. राबायचं अर्धा तास, सुट्टी पंधरा मिनिटं.

ऑपरेशनच्या दिवशी तिची सुट्टी दुपारीच संपली. आई शुद्धीवर आली तेव्हा ठिणगी इस्त्रीवर होती.

संध्याकाळी तिने भावाला जिन्यात गाठलं. "अर्ध्याचं तुला माहीत होतं?"

तो चप्पल बघत राहिला. "तू विचारलंच नाहीस, ताई."

"परक्याला खोदून विचारतात रे! आणि आई काय माझ्या एकटीची होती?"

तो बाजूने निघून गेला. खाली मावशी घड्या घालता घालता म्हणाली, "आता कुणाच्या भावावर हात वर करायचा, तेवढं सांगून ठेव."

ठिणगीने चादरीचं दुसरं टोक धरलं.

तेव्हा तुमच्यापुढे कुणी 'कधीच कमी नाही' म्हणत आलं, तर तो सख्खा असला तरी हात वर करण्याआधी त्यात एकदा अर्धा टाकून बघा.