एकाच हाताचे दोन रिपोर्ट

६ एप्रिल. कुरडयांचा चीक शिजवून सकाळीच गच्चीवर नेला. शेजारचे काका आधीच येऊन तिथली एकुलती एक खुर्ची धरून बसले होते. मला पाहताच उजवा हात पुढे, तळवा वर, नजर चष्म्याच्या वरून. तिकीट मागावं तसं.

"काहून बाई, झोप नाई झाली ना रात्री? चेहरा पायला का समजते मले."

झोप उत्तम झाली होती. चिकाची वाफ डोळ्यांत गेली होती.

काकांनी सगळी नोकरी बडनेऱ्याहून गाडीत तिकिटं तपासण्यात काढली. विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखायचे म्हणे. निवृत्त होऊन अमरावतीला घर बांधलं आणि मग आमच्या अख्ख्या गल्लीचे चेहरे तपासायला घेतले. दूधवाल्याला कावीळ ठरवली. त्याला आदल्या दिवशी लग्नाची हळद लागली होती. समोरच्या मास्तरांना "तुमाले शुगर हाय" सांगून बिचाऱ्यांना वर्षभर फिका चहा पाजला. दोन्ही वेळा चूक उघडी पडली, पण काका शरमले नाहीत. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला खुर्ची कोण देतं, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या गच्चीवर तरी ती तो स्वतःच घेतो.

काकू मागून आल्या. जिना चढताना मधल्या वळणावर बसून घेतलं, मग वर आल्या. जोडवी बोटांत रुतली होती, इतके पाय सुजलेले. तरी आल्या आल्या सोऱ्या हातात घेतला.

"काकू, बसा जराशा."

"काई नाई व, दम लागते थोडासा. उन्हाचा."

ऊन अजून गच्चीवर यायचं होतं.

मी चीक भरत होते, काकू कुरडया घालत होत्या, आणि काकांनी गोष्ट सुरू केली. अकोल्याला त्यांच्या थोरल्या भावाला दिवाळीत लकवा झाला, अर्धं अंग गेलं. तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं की त्यांच्या हृदयावर बऱ्याच दिवसांपासून ताण असावा. असा ताण आला की हृदय रक्तात एक द्रव्य सोडतं, आणि ते वाढलेलं असेल तर पुढे लकव्याचा धोकाही जास्त असतो. लकवा होईलच असं नाही, पण कारण शोधून वेळीच उपचार करता येतात. हे ऐकून काकांच्या पुण्याच्या मुलीने आई-बाबा दोघांचीही रक्ततपासणी घरबसल्या ठरवून दिली.

"म्या तं पयलेच सांगतलं, भानगड छातीची अन् लकवा डोक्याचा, याचा त्याले काय संबंध? पन पोरगी आयकते का?"

रक्त घ्यायला एक नवखी मुलगी आली. सुई पाहताच काकांना घाम फुटला. हे त्यांनी अर्थातच सांगितलं नाही. काकूंच्या ओठांवर हसू आलं तेव्हा मला कळलं. हजारो प्रवाशांना दरडावलेला माणूस त्या पोरीवरही खेकसला, "मले टायम नाई. हिच्याच हातातून दोनी नळ्या भर." भेदरलेल्या पोरीने भरल्या.

काल दोन्ही रिपोर्ट आले. मोबाइल नंबर काकांनी आपलाच दिला होता, म्हणून ते पुण्याच्या मुलीपर्यंत पोचलेच नाहीत.

"दोनीत तेच द्रव्य वाढेल हाय! आकडेबी सारखेच!" काकांनी मांडीवर थाप मारली. "आता सांग बाई, माह्या नळीत माहं रक्तच नोतं, तरी माहं हृदय खराब! मशीनच बंडल हाय. सगळ्यायले एकच छापून देते. आपन बरोबर पकडलं!"

काकू हसल्या. सोऱ्या फिरवत, धापा टाकत हसल्या. मला हसू आलं नाही.

"काका, दोन्ही नळ्यांत रक्त कोणाचं होतं?"

"हिचं. सांगतलं ना."

"मग एकाच बाईचं रक्त दोनदा तपासलं. दोन्ही वेळा सारखंच येणार. मशीन बंडल नाही. रिपोर्ट काकूंचा आहे, दोन्ही."

काकांनी चष्मा सावरून बायकोकडे पाहिलं आणि हात पुढे केला, "हिले काय झालं? चांगली तं दिसते."

काकूंचा हात मात्र सोऱ्यावर थांबला होता. "लकवा म्हंजे... अकोल्याच्या भासऱ्यासारखा?" त्यांनी मला विचारलं. नवऱ्याला नाही.

मी त्यांच्या हातातून सोऱ्या काढून घेतला. उरलेल्या कुरडया एकटीने घातल्या, वेड्यावाकड्या. संध्याकाळी काकांच्या मोबाइलवरून रिपोर्ट घेतले, पुण्याच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

७ एप्रिल. सकाळी ऑटो दारात उभा केला आणि काकूंना आत बसवलं. काका बनियनवर, हातात लायटर घेऊन बाहेर आले.

"अवं, च्याचा डबा कोनता?"

काकू उतरायला लागल्या. मी त्यांचा दंड धरून ठेवला.

"चेहऱ्यावरून ओळखा, काका," म्हटलं, आणि ऑटोवाल्याला निघायला सांगितलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, काकूंचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. नाडी एकसारखी चालत नव्हती. हृदयाचे ठोके असे चुकत असले की आत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती डोक्यात गेली की लकवा, म्हणाले. लगेच ईसीजीची पट्टी काढायला आणि हृदयाच्या सोनोग्राफीला सांगितलं. औषधाने धोका बराच कमी करता येईल, असंही म्हणाले.

"दम कधीपासून लागतो, आजी?"

काकूंनी सवयीने दाराकडे पाहिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. काकांचाच होता, डबा सापडला नसणार. मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"तुम्हीच सांगा, काकू," मी म्हटलं. "आपल्याला काही घाई नाही."

त्यांनी पदर सारखा केला आणि सांगायला सुरुवात केली.