अंगणातले व्याही

भारतीय राज्यघटनेने नागरिकाला देशभर मुक्त संचाराचा जो हक्क दिला आहे, तो पुरेपूर वसूल करणारा एकच मनुष्य मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला! चिटगुप्प्यात त्यांचे कापडाचे दुकान आहे. परंतु गिऱ्हाइकाने सुती सदरा मागितला, की हे गृहस्थ स्वतःच्याच मालाविरुद्ध साक्ष देतात: "भिजला की वाळत न्हाई, अण्णा. डोंगरात थंडीनं मराल!" गिऱ्हाईक बिचारे लग्नाला निघालेले असते. आतला थर घाम बाहेर टाकणारा, मधला ऊब धरणारा, वरचा वारापाऊस अडवणारा, हा सिद्धांत ते आमच्याकडच्या रणरणत्या वैशाखातही तितक्याच आवेशाने मांडतात. डोंगरभटकंतीच्या सॅकमध्ये जाणारी प्रत्येक वस्तू आधी शेजारच्या किराणा दुकानातल्या तराजूवर चढते. ब्रशचा दांडा त्यांनी कापला, कंगवा अर्धा केला. "उद्या माझं डोस्कं जड वाटलं तर तेबी कापतेत," असे विहीणबाई म्हणतात. झोपायची पिशवी तळाला, जड सामान पाठीलगत, रेनकोट सगळ्यांत वर. हा क्रम मोडणाऱ्याला त्यांच्या न्यायालयात जामीन नाही. शिधा मात्र अस्सल इथला: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. डोंगर चढणाऱ्यांसाठी बनवलेले पाकिटातले जेवण त्यांनी एकदाच चाखले आणि "ह्यापरीस पाकीट चांगलं लागंल" असा निकाल दिला.

अशा माणसाने गेल्या थंडीत शेतारानांतून पायी आमच्या खजुरीला यावे, येथवर मी मान्य करतो. पण आल्यावर? पाय धुवायला ऊन पाणी दिले, माजघरात नवी गादी घातली, आणि यांनी अंगणात तंबू ठोकला! थंडीत तो कितपत टिकतो, ते पारखायचे होते. मुलीच्या बापाला व्याह्याने उघड्यावर झोपवले, ही बातमी सकाळी पिठाच्या गिरणीवर होती आणि दुपारपर्यंत चिटगुप्प्यात. त्यांचे थोरले बंधू फोनवर गरजले, "आमच्या भावाला भाईर झोपवायलाव? पोरीला न्यायला उद्या गाडी घेऊन यायलोय!" व्याह्यांनी स्वतः फोन घेऊन खरे ते सांगितले, तर उत्तर आले, "पोरीच्या सासरची लाज झाकायलास तू!" साक्षीदार फितूर ठरला.

सून रडकुंडीला आली. "अप्पा, आत या की. माझं घर मोडायलंय, आन् तुम्ही कामून हट्ट करायलाव?"

"थांब गं, दोरी ढिली झालीय."

माझा संताप अनावर झाला. माझ्या मालकीच्या जागेत, माझ्या संमतीवाचून तात्पुरते बांधकाम उभारल्याबद्दल मी रीतसर नोटीस लिहिली आणि तंबूसमोर उभे राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवली. सर्रकन चेन उघडली. "व्याही, नोटीस बसून बजावा की. च्या उकळायलाय."

मी आत शिरलो, आणि काय सांगू! बाहेर वारा कापडावर थापा मारत होता, आत मुठीएवढ्या स्टोव्हवर चहा खदखदत होता. ओढ बसली की घट्ट होणारी आणि मोकळे टोक खेचताच सुटणारी एक गाठ त्यांनी मला शिकवली. "जमली! जमली!" असे ओरडताना मी माझे वय, वकिली आणि नोटीस तिन्ही विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी थोरले बंधू गाडीतून उतरले, तेव्हा आम्ही दोघे तंबूत दोरीवरून भांडत होतो. त्यांनी वाकून तंबूत डोकावले. मग सुनेकडे वळले. "ह्या दोघायला तू भाईर काढलीस व्हय गं?"

"व्हय, मोठे अप्पा. दोघंबी ऐकत न्हाईत!" ती खदखदून हसली. गाडी परत गेली, ती पोटभर जेवलेल्या बंधूंना एकट्यालाच घेऊन.

यंदाच्या थंडीत व्याही पुन्हा आले. गुडघ्याने दगा दिल्यामुळे बसने आले. पाय धुवून घेतले, टॉवेल-टोपी मुकाट्याने स्वीकारली, माजघरातल्या गादीवर टेकले. मानपान यथासांग पार पडला. गावाला बोट ठेवायला जागा उरली नाही. सून मात्र उंबऱ्यात उभी राहून वडिलांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे पाहत होती. शेवटी मीच म्हणालो, "व्याही, अंगण मोकळं आहे."

"असू द्या. गादी मऊ हाय."

माजघरातल्या गादीचा माझा आग्रह त्यांनी मानल्याचा हा पहिलाच प्रसंग. मला तो मुळीच मान्य नाही.