पलीकडे गेलेल्याचा दहावा

आमच्या देवासात रस्त्याच्या अलीकडे एक संस्थान, पलीकडे दुसरं. आमचा फुटबॉलचा सर्वांत चांगला गडी पलीकडच्या संघात गेला आणि त्याने आमच्यावरच गोल मारला. माझ्या शेजारचे कारकून त्याच्या नावाने खरोखरच आंघोळ करून आले. ‘गोल ऑफसाइडच होता, अपने को क्या,’ असं ते भेटेल त्याला सांगत. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘अपने को क्या’वरच संपायचं.

दहाव्या दिवशी त्यांनी रस्त्याकडेला पिंड ठेवला. कावळा शिवेना.

‘तुझ्या आईला सांभाळू, भिया. अपने को क्या,’ कारकुनांनी पिंडासमोर हात जोडून वचन दिलं.

कावळा हलेना.

मयत समोरच्या ओट्यावर दात घासत होता. ‘काका, त्या गोलाचं बोला,’ तो म्हणाला.

कारकुनांनी कावळ्याकडे पाहिलं.

‘ऑफसाइड नव्हता,’ ते पुटपुटले, आणि पुढे काही जोडलं नाही.

कावळा शिवला.