एकाच गोत्राचा जंतू

तीर्थातल्या तुळशीचा गंध आला की शहागडचे ते दांपत्य आठवते. पत्नीच्या तपासणीत शरीरसंबंधातून पसरणारा जंतू निघाला आणि पती काडीमोडाची भाषा करीत माझ्याकडे आला. “मला कायबी तरास न्हाई, गुरुजी, मंग दोष तिचाच!” अशा जंतूंचे वंश तपासणाऱ्या माझ्या डॉक्टर पुतणीने त्यालाही तपासले आणि ती हसून म्हणाली, “त्रास नाही, पण याच्याही अंगात भाडेकरू तोच आहे, त्याच वंशाचा!” मी म्हणालो, “लग्नात तुझं गोत्र मीच तिला दिलं. आता जंतूचंही गोत्र एक. मग औषधही दोघांचं, लाजही दोघांची.” त्याने तीर्थासाठी करावा तसा उजवा तळहात गोळ्यांसाठी पुढे केला. दोघेही बरे झाले. आज त्यांच्या सत्यनारायणाला, मी सांगण्यापूर्वीच, त्याने तिला मानाने उजवीकडे बसवले. इतका दीर्घ शंख मी आयुष्यात कधी फुंकला नव्हता.