दाणे खाता खाता

नात माझी नऊ वर्षांची. काल भाजलेले शेंगदाणे खात मोबाईलवर खेळत होती. मी शेजारीच बसले होते. खेळात एक माणूस हात वर करून गुडघ्यावर बसला होता. तिनं त्याला गोळी घातली आणि पुढचा दाणा तोंडात टाकला.

मी म्हटलं, "अगं, तो तर शरण आला होता."

"त्याचेपण पॉइंट मिळतात, आजी."

तिच्या आईबापाचं मग त्यावरूनच वाजलं. सून म्हणत होती, "हा खेळ आजपासून बंद. मला बघवत नाही." मुलगा म्हणाला, "वर्गातल्या सगळ्या पोरी खेळतात. खरं थोडंच असतं ते? आई, तू सांग."

ह्याचे वडील गेले तेव्हा मी कोंबडीच्या दुकानात कामाला लागले. पहिल्या दिवशी कोंबडीचं अंग हाताला ऊन लागलं, धडधडत होतं. माझी सुरी खाली पडली. घरी येऊन घास गिळला नाही. आठव्या दिवशी मान कापता कापता मी गिऱ्हाईकाला विचारत होते, तुकडे बारीक करू का मोठे. पोटासाठी शिकले. पण शिकायला आठच दिवस लागले.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं, रोज अर्धाच तास." सूनही हो म्हणाली.

पोरगी परत खेळायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. राग नाही, भीती नाही, मजासुद्धा नाही. माझंही तोंड तेव्हा असंच झालं असेल. दुकानात आरसा नव्हता, म्हणून मला दिसलं नाही.