खुष्कीचा मार्ग आणि आमच्या बाई

डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम, कल्याण, कोपरी, नौपाडा आणि लगतच्या परिसरात मराठी माध्यमातून नववी पास, नापास किंवा ढकलपास झालेल्या तमाम स्त्री-पुरुषांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इतिहासाच्या तासाला त्यांना एक वाक्य चुकीचं शिकवण्यात आलेलं आहे. कृपया कोणीही घाबरून जाऊ नये. दूध, पाणी आणि वीजपुरवठा नेहमीप्रमाणे चालू राहील.

वाक्य कुठलं ते सांगतो. पण आधी बाई.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. नौपाड्यातल्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि त्यातल्या एका वर्षी तिसऱ्या बाकावर मी होतो. पुढे त्यांच्या मुलीशी माझं लग्न झालं, तरी मी त्यांना बाईच म्हणतो. पहिल्या दिवाळसणाला एकदा 'आई' म्हणून बघितलं होतं, तर त्यांनी मागे वळून दारात दुसरं कोणी आलंय का ते पाहिलं. तो विषय तिथेच संपला. त्याही चारचौघांत मला अहो-जाहो करतात आणि चारचौघे उठून गेले की 'अरे'वर येतात. अंतरपाटाच्या अलीकडे उभा असतानासुद्धा माझं अर्धं लक्ष बाईंकडे होतं. न जाणो, सनावळी विचारतील.

बाईंना कुठे फिरायला नेणं हा आमच्या घरातला जुना तंटा. दुबईला चला म्हटलं की त्या विचारायच्या, तिथे काय घडलंय? सिंगापूरबद्दलही तेच. जिथे काही घडलेलं नाही तिथे विमानाने कशाला जायचं, हा त्यांचा मुद्दा. त्यात सासरे आजारी होते तोवर त्या ठाण्याबाहेर पडल्याच नाहीत. ते गेल्यानंतर दोन वर्षांनी बायकोने इस्तंबूलचं नाव काढलं. बाई म्हणाल्या, "कॉन्स्टँटिनोपल." जुन्या मैत्रिणीला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारावी, तशा म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, शहात्तराव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून पासपोर्टचे फोटो काढायला एकट्याच गेल्या.

त्यांना तिथली तटबंदी बघायची होती. जन्मभर ती फळ्यावर खडूने काढली होती, आता एकदा हात लावायचा होता. सहलीच्या कार्यक्रमात तटबंदी नव्हती. चामड्याच्या कोटांचं दुकान मात्र होतं, तेही दुपारभर.

आमच्या बसमध्ये ठाण्यापासून कल्याणपर्यंतची तीस-बत्तीस माणसं होती. त्यातली दोनच लक्षात ठेवा. एक, डोंबिवलीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, जे परदेशातही पदभार सोडायला तयार नव्हते. दुसऱ्या, कल्याणला नववी-दहावीचे क्लास चालवणाऱ्या एक बाई. त्यांना मी क्लासवाल्या म्हणतो, म्हणजे आमच्या बाईंशी घोळ होणार नाही. आणि गाइड होती तिशीतली एक तुर्की मुलगी, इतिहासाची पदवी घेतलेली, सावकाश आणि गोड इंग्रजी बोलणारी.

पहिल्या सकाळी तिने माइकवर विचारलं की, चौदाशे त्रेपन्न साली या शहरात काय झालं, कोणाला माहीत आहे का? या प्रश्नावर लोक खिडकीबाहेर बघतात, अशी बिचारीला सवय असावी. मग क्लासवाल्यांनी सुरुवात केली आणि अख्खी बस त्यांच्यामागून निघाली. मराठीत, एका सुरात, शेवटच्या शब्दावर हेल काढून: चौदाशे त्रेपन्न साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकून घेतले आणि त्यामुळे युरोपचा पूर्वेकडे जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला.

शाळा वेगळ्या, गावं वेगळी, कोणी पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिकलेलं, कोणी तीस. वाक्य एक. खुष्कीचा म्हणजे जमिनीवरचा, हे निम्म्या बसला आजही सांगता आलं नसतं, पण म्हणताना कोणी अडखळलं नाही. सेक्रेटरींनी तर म्हणून झाल्यावर हाताची घडी घातली. आमच्या बाई दुसऱ्या रांगेत खिडकीशी होत्या. त्यांनी स्वतः ओठही हलवले नव्हते. मान ताठ करून त्या ऐकत होत्या, आणि निकालाच्या दिवशी पहिला नंबर आपल्या वर्गाचा आला की जशा दिसायच्या, तशा दिसत होत्या.

गाइडने अर्थ विचारला. बायकोने इंग्रजीत सांगितला. पोरीने टाळ्या वाजवल्या, छातीवर हात ठेवून आमचे आभार मानले आणि मग अगदी हळुवारपणे म्हणाली की जिंकलं हे खरं, पण मार्ग काही बंद झाला नाही. व्हेनिसचे व्यापारी पुढच्याच वर्षी करार करून मोकळे झाले. कर वाढले, कटकटी वाढल्या, ते वेगळं. पण सुलतान एकवीस वर्षांचा होता, शहर ओस पडलं होतं, त्याला माणसं आणि व्यापार हवा होता. थोड्याच वर्षांत त्याने मोठा बाजार बांधायला घेतला. आपल्याच दुकानाची फळी कोण लावून घेईल?

बसने 'हो का' म्हटलं आणि बाकरवडीचा पुडा मागे सरकवला. पन्नाशीनंतर माणूस पुष्कळ गोष्टी 'हो का' म्हणून सोडून देतो. एकट्या बाईंनी सोडली नाही.

त्या दिवशी आम्ही जे जे पाहिलं, ते बाईंनी पाहिलं नाही. आया सोफियात दगडी चढण आहे, वरच्या सज्ज्यात नेणारी. ती त्या गुडघा धरत धरत चढल्या. वर सोन्याच्या तुकड्यांची चित्रं, खाली अवाढव्य घुमटाखालची माणसं मुंग्यांएवढी. बाई फरशीकडे बघत होत्या. निळ्या मशिदीत बाकीच्या बायका डोक्याला ओढण्या गुंडाळताना एकमेकींचे फोटो काढत होत्या. बाईंनी पदर घेतला आणि एका खांबाशी गालिच्यावर पाय लांब करून बसून राहिल्या. जमिनीखालच्या त्या प्रचंड पाण्याच्या टाकीत, जिथे शेकडो खांब अंधारात पाण्यात उभे आहेत, सेक्रेटरींनी गाइडला गंभीरपणे विचारलं की टाकी वर्षातून किती वेळा साफ करता आणि त्या दिवशी पाणी कुठून देता. एरवी बाईंनी त्यांना कुठल्या सम्राटाने, कशासाठी, किती माणसं लावून ती बांधली, हे सगळं ऐकवलं असतं. बायकोने विचारलं, गुडघा दुखतोय का? नाही. भूक लागलीय? नाही. ताक आणू? इथलं खारट ताक त्यांना आवडलं होतं. तेही नको.

दुसऱ्या दिवशी मसाल्याच्या बाजारात बघितलं तर बाई गायब. शोधत गेलो तेव्हा त्या दालचिनीच्या ढिगासमोर गाइडला घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द जोखून, त्या तिला विचारत होत्या: नक्की? पूर्ण बंद नाही? एक दिवससुद्धा? ती पोर मोबाइलवर काहीबाही काढून दाखवत होती आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होती, मी यांना काही बोलले का, अशा चेहऱ्याने.

संध्याकाळी बॉस्फरसमध्ये बोटीतून फेरी होती. एका हाताला युरोप, दुसऱ्या हाताला आशिया, मधे सीगल आणि आमचे सेक्रेटरी, दोन्ही खंडांचे व्हिडिओ घेत. बायको वर गच्चीवर गेली होती. बाई आणि मी खालच्या बाकावर, पुढ्यात चहाचे इवलेसे काचेचे पेले. चारचौघे नव्हते.

"अरे," बाई म्हणाल्या, "कोपरीहून एक मुलगी यायची. वडील जकात नाक्यावर होते. मी हे वाक्य सांगितलं, तर तिने हात वर केला. म्हणाली, बाई, रस्ता बंद केला तर तुर्कांना जकात कोण देणार?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

"वर्गसुद्धा असाच हसला. मला वाटलं, चेष्टा करतेय. म्हटलं, पुस्तकात आहे तेवढं बोल. तर म्हणाली, पण बाई, नाका बंद ठेवून कसं चालेल? मी तिला तास संपेपर्यंत उभी केली. नंतर वर्षभर तिने हात वर केला नाही."

मी म्हटलं की इतकी वर्षं झाली, ती विसरलीसुद्धा असेल.

"असेल," बाई म्हणाल्या. "मी विसरले नव्हते. मला फक्त वाटत होतं की मी बरोबर होते."

मी त्यांचा चहा माझ्या पेल्यात ओतला, पुन्हा त्यांच्या पेल्यात ओतला आणि थंड करून दिला. त्यांनी तो मुकाट्याने प्यायला.

तिसऱ्या दुपारी बाकीची मंडळी कोट चढवून आरशात बघत असताना आम्ही तिघं टॅक्सी करून तटबंदीला गेलो. बाई आधी नको म्हणत होत्या. आता काय बघायचं तिथे, असं म्हणाल्या. पण बायको आईवर गेलेली आहे, तिने टॅक्सीचं दार उघडून धरलं आणि बंदच केलं नाही.

तटबंदी मोठी आहे, फुटलेली आहे, आणि तिच्या पायथ्याच्या खंदकात चक्क लेट्यूसचे आणि पालकाचे वाफे आहेत. बाईंनी ते पाहिले. मग टॅक्सीवाल्याने आम्हाला एका वेशीपाशी उतरवलं. जुनी, दगडी, अरुंद वेस. माझ्या मनात अशा जागी एक मोठा कुलूपबंद दरवाजा असतो. बाईंच्याही असावा. इथे दरवाजाच नव्हता. होता तो रस्ता. आम्ही बघत असताना त्या वेशीतून टोमॅटोचा एक टेम्पो आत घुसला, समोरून एक मिनीबस आली, दोघांनी एकमेकांना हॉर्न दिले, कोणीच मागे जाईना. बाबागाडी घेतलेली एक बाई दोघांच्या मधून निघून गेली. शेवटी मिनीबसवाला काहीतरी पुटपुटत मागे सरला, आणि टेम्पोमागे अडकलेली रांग भसाभस वाहायला लागली. डोंबिवलीजवळ शिळफाट्याला असतं, तसंच.

बाई एका दगडावर बसल्या. थोड्या वेळाने मला ऐकू आलं की त्या गाड्या मोजतायत. पस्तीसपर्यंत मीही मनात मोजल्या, मग सोडून दिलं. त्यांनी सोडलं नाही. मधेच त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, म्हणून बायको घाबरून वाकली, तर बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, तोंडाला पदर लावून, गुडघा दाबत हसत होत्या.

"आई, तू पुस्तकात होतं ते शिकवलंस," बायको म्हणाली. "यात तुझी काय चूक?"

बाईंनी डोळे पुसले. "वाक्य पुस्तकाचं होतं," त्या म्हणाल्या. "उभी मी केली होती."

मग त्या उठल्या आणि तटबंदीला हात लावला. फोटो काढू दिला नाही.

चौथ्या सकाळी विमानतळाकडे निघालो. गाइड माइकवरून सगळ्यांचा निरोप घेत होती. तिचं झालं तशा बाई उठल्या, सीटच्या पाठी धरत धरत पुढे गेल्या आणि हात पुढे केला. पोरीने माइक देऊन टाकला. बाईंनी हात पुढे केला की वस्तू द्यायची असते, हे तुर्कस्तानातही कळतं. त्या बोलणार आहेत, याची आम्हा दोघांना काही कल्पना नव्हती. बायकोने माझं मनगट धरलं.

बाईंनी माइक तोंडापासून दूर धरला. त्यांना तो लागत नव्हता. वर्गातला आवाज निघाला आणि मागच्या सीटवर घोरणारे एक गृहस्थ खाडकन जागे होऊन ताठ बसले. बाई म्हणाल्या की मी एकतीस वर्षं हे वाक्य शिकवलं आणि ते चुकीचं आहे. मार्ग बंद झाला नव्हता. कर वाढला होता, मधले दलाल चुकवायचे होते, सोनं आणि मसाला स्वतःच्या हाताने आणायचा होता, म्हणून ते लोक समुद्रात शिरले. मग त्यांनी कोपरीच्या मुलीची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. वर्ग हसला तेही सांगितलं, वर्षभराचं ते गप्प बसणंही सांगितलं. तिचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चूक होतं, असं त्या एकदा म्हणाल्या आणि मग, फळ्यावर महत्त्वाच्या ओळीखाली रेघ ओढतात तशा, पुन्हा एकदा म्हणाल्या. तुमच्या घरी मुलं असतील, नातवंडं असतील, त्यांना नीट सांगा. आणि कोणी हात वर केला तर त्याला बोलू द्या.

सेक्रेटरींनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिचा कान लाल झाला होता. गाइडला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी तिचेही डोळे भरले होते. बाईंनी माइक परत दिला, आणि मी टाळ्या वाजवायच्या की उठून त्यांना धरायचं, या विचारात असतानाच पाचव्या रांगेतून क्लासवाल्यांचा हात वर गेला. मघापासून त्या बाईंचं बोलणं सहलीच्या कागदाच्या पाठीवर भराभरा उतरून घेत होत्या. बाईंनी मान हलवून परवानगी दिली की नाही ते मला दिसलं नाही, पण क्लासवाल्यांना धीर नव्हता.

"ते सगळं पटलं हो बाई, पण पेपरात काय लिहायचं?"