खरा दोन एचपी

कॉलनीच्या पोहण्याच्या टँकसाठी पंप आणायला कॉलनीच्या समितीनं मला अमरावतीहून अकोल्याला पाठवलं. मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवत होतो, त्यामुळे मोटरीतलं मलाच कळतं असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

पाणी गाळून परत टँकमध्ये सोडणारा जुना पंप एक एचपीचा. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडायचं आणि लोक समितीच्या नावानं शंख करायचे. अकोल्याच्या दुकानदारानं दोन पंप समोर ठेवले. एकावर दीड एचपीचं स्टिकर, दुसऱ्यावर दोनचं. मी वाकून मोटरीवरची पत्र्याची पाटी वाचली. दोन्हीवर किलोवॅटचा आकडा एकच, एक पॉइंट एक.

"हे दोन्ही दीडचेच आहेत. स्टिकर खोटं आहे. मला खरा दोन एचपी पाहिजे."

म्हातारा दुकानदार हसला. "पाटी वाचता येते तुमाले. टँकचा पाइप किती इंची हाय?"

"दोन."

"तळाले पाणी ओढाच्या जाळ्या किती?"

"एकच."

"मंग काहून मोठा घेऊन राहिले? एचपी म्हंजे मोटरची ताकद. पाइप तेवढाच राहिला तं पाणी थोडंसंच वाढंल, जाळीवरची ओढ मात्र लय वाढंल. एकचाच न्या."

त्याचं म्हणणं मला पटलं होतं. पण एकाच्या जागी पुन्हा एकच आणला तर लोक काय म्हणतील, हाही विचार होता. मी दीड किलोवॅटचा, खरा दोन एचपीचा पंप घेऊन आलो.

पंधरा दिवसांत तळाची फरशी दिसायला लागली. लोकांनी कौतुक केलं. कोणी हात लावू नये म्हणून मी पंपाच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली घरी ठेवली. वॉचमन एकदा म्हणाला, "साहेब, तळातली जाळी हालून राहिली. दोन स्क्रू गेले तिचे." मी म्हणालो, रविवारी पाहू. रविवारी नांदगाव खंडेश्वरला लग्न होतं. तिथून आल्यावर ते डोक्यातून गेलं.

सकाळी सातला बायकांची बॅच असायची. आमच्या गल्लीतल्या एक निवृत्त नर्स त्यात होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून साठीला आलेल्या असताना त्या पोहायला शिकल्या होत्या. त्या दिवशी कुणाचं तरी कानातलं तळाशी पडलं, ते काढायला सिस्टरनं बुडी मारली. टोपीतून सुटलेली वेणी जाळीत ओढली गेली.

वॉचमन बटण बंद करायला धावला, तर दाराला माझं कुलूप. त्यानं दगडानं ते फोडलं. आरडाओरडा ऐकून मी किल्ली घेऊन पोचलो, तेव्हा बायकांनी सिस्टरना काठावर आडवं केलं होतं. ओठ निळे पडले होते.

सिस्टर वाचल्या. पण उजवा हात थरथरतो तो कायमचा, आणि बोलताना शब्द सापडत नाहीत.

समितीनं चौकशी केली. वॉचमननं जाळीकडे दुर्लक्ष केलं, असं ठरलं. त्या कागदावर तांत्रिक जाणकार म्हणून माझी सही आहे. मी सही करताना वॉचमन माझ्याकडे बघत उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं.

चार महिन्यांनी मी सिस्टरच्या घरी गेलो. दुकानदार काय म्हणाला होता, जाळी, कुलूप, सगळं सांगितलं. त्या एकेक शब्द शोधत म्हणाल्या, "हे तुमी... तवाच सांगतलं असतं... तं त्या माणसाची नोकरी तं राहिली असती."

स्वतःबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

दोष माझा होता, असं मी समितीला लेखी दिलं. ते सचिवांनी वाचलं आणि "आता कशाला, सर?" म्हणून फायलीत लावलं. मग मी भातकुलीकडच्या वॉचमनच्या गावी गेलो. तो दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन सोंगत होता. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर उभा राहून माफी मागितली. त्यानं विळा खाली ठेवला नाही.

"मी सांगतलं होतं तुमाले," एवढंच म्हणाला आणि पुढच्या ओळीला लागला.